दुसऱ्याच्या गल्लीची हवा

धुळं बरं की जळगाव, हा वाद पाटलांच्या घरात सव्वीस वर्षं चालला होता, म्हणजे सुगंधाबाई लग्न होऊन जळगावला गेल्या त्या दिवसापासून. त्यांचे थोरले भाऊ अभिमन गुरुजी धुळ्यातल्या देवपुरात राहत. त्यांचं म्हणणं, जळगावात माणूस राहत नाही, भाजतो. सुगंधाबाईंचे यजमान लीलाधरराव त्यावर म्हणत, आम्ही निदान भाजतो तरी, तुम्ही धुळेकर नळाकडे बघत बघत वाळता. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुगंधाबाई माहेरी आल्या की पुरण शिजायला लागल्यापासून हा वाद सुरू व्हायचा, आणि जेवणं उरकली तरी त्याचा निकाल लागायचा नाही. तो कुणाला नकोच होता.

सत्त्याण्णवच्या अखाजीला मात्र भलतंच घडलं. लीलाधरराव ओट्यावर चपला काढता काढता म्हणाले, "काही म्हणा गुरुजी, हवा असावी तर देवपूरची. नदीवरून कशी झुळूक येते!"

मे महिना होता. पांझरेत पाणी नव्हतं, आणि झुळुकीबरोबर जे येत होतं त्याला हवा म्हणायला मोठंच मन लागलं असतं.

"छे छे, लीलाधरराव," गुरुजी उठून उभे राहिले, "सुधारलेलं गाव म्हणजे जळगाव. काय ते रस्ते, काय ते दवाखाने! आमचं आपलं हे असं."

आत स्वयंपाकघरात कमलबाईंचा पुरण वाटणारा हात थांबला. सव्वीस वर्षांत नवऱ्यानं जळगावचं नाव नीट तोंडानं घेतलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. मग त्यांना उमगलं. दोघांनाही आपलं गाव आजच्या दिवसापुरतं वाईट ठरवायचं होतं, कारण आज मंजुळेला कुणाच्या गावी ठेवायचं ते ठरणार होतं.

मंजुळा म्हणजे गुरुजींच्या धाकट्या भावाची, भिकनची बायको. भिकन आग्रा रोडवर ट्रक चालवायचा. त्याच रस्त्यानं तो एक दुखणं घेऊन आला, आधी स्वतःला आणि त्याच्यामागून मंजुळेला. घरात त्या दुखण्याचं नाव घेत नसत, 'ते' म्हणत. दोन वर्षांपूर्वी गुरुजींनी दोघांना घराच्या मागच्या खोलीतून काढून नदीकाठच्या वस्तीत भिकनच्या एका दोस्ताची खोली घेऊन दिली होती. "चार दिवस," ते म्हणाले होते. त्या चार दिवसांत दोन पावसाळे गेले, गेल्या पौषात भिकन गेला, आणि मागच्या खोलीत गुरुजींची स्कूटर आली. स्कूटरला ऊन सोसत नसे.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या सोमवारी गुरुजी मंजुळेबरोबर दवाखान्यात गेले, आणि तिथं त्यांची चंद्रकांता डॉक्टरीणबाईंशी गाठ पडली.

चंद्रकांताबाई म्हणजे उत्तमचंद कापडवाल्यांची लेक. वडिलांच्या दुकानातल्या लाल डोक्याच्या टाचण्या आणून त्यांनी भिंतीवरच्या धुळ्याच्या नकाशावर टोचल्या होत्या, एका रोग्याची एक. रोगी दवाखान्यात भरती झाला की त्याच्या टाचणीला दोऱ्याचा एक वेढा. नदीकाठच्या टाचण्या रिळासारख्या जाड झाल्या होत्या.

"ही मंजुळाबाईंची," त्यांनी बोट ठेवलं. "पाच वेढे."

गुरुजींनी चष्मा सावरून नकाशाचा वरचा भाग पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "आमच्या देवपुरात मात्र एकही टाचणी नाही!"

"आहेत की. ते लोक पत्ता दुसऱ्या गल्लीचा देतात." बाई सहज बोलून गेल्या. "गुरुजी, औषधं मी सगळ्यांना सारखीच लिहिते. पण एकाच्या घरात उकळलेलं पाणी असतं, खिडकी असते, वेळेवर दूध-अंडं असतं, ताप आला तर त्याच दिवशी दाखवायला डॉक्टर असतो. दुसऱ्याच्या उंबऱ्यावरून गटार वाहतं. तिथं ताप कशाचा आहे हे कळेपर्यंत माणूस निम्मा होतो." मग मंजुळेच्या टाचणीशेजारच्या एका टाचणीकडे त्या कौतुकानं बघत राहिल्या. "हा एकच गडी मला कळत नाही. त्याच गल्लीतला, चार वर्षांपासूनचा, आणि एक वेढा नाही! वजन वाढतंय त्याचं. काय खातो कोण जाणे."

मंजुळा खाली मान घालून पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत होती.

"ह्यांना क्षयाचं औषध दुसऱ्यांदा सुरू केलंय," बाई म्हणाल्या. "आता थुंकी साफ आहे. ह्यांच्यापासून कुणाला काही होणार नाही. एका ताटात जेवा, शेजारी झोपा. पण येता पावसाळा ह्यांनी त्या खोलीत काढला, तर मी काही खात्री देत नाही. ज्या घरात नळ आणि खिडकी आहे, त्या घरात न्या."

नळ आणि खिडकी. परत येताना गुरुजींनी दोनदा मनाशी घोकलं. आणि देवपूरचा पूल ओलांडता ओलांडता त्यांना आठवलं, की नळ आणि खिडकी जळगावलाही आहे.

*

कमलबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांना भीती वाटायची एवढंच, आणि भीती वाटणारं माणूस नियम करतं. मंजुळा घरी आली की तिचा गिलास वेगळा, तो खिडकीत पालथा. तिनं नळाला हात लावला की मागून तोटी तीनदा धुवायची. तिनं बसायचं ते चुलीच्या डाव्या अंगाला. मात्र अखाजीला खापरावरचे मांडे करायचे झाले की सगळ्या नियमांची पंचाईत व्हायची. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत वाढवत न्यायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद पसरायचा, हे कसब घरात एकट्या मंजुळेला होतं. कमलबाईंचा मांडा खापरापर्यंत पोचायच्या आधीच फाटायचा आणि पुरण राखेत पडायचं.

"मांडा तूच कर," त्या म्हणाल्या. "खापर इतलं तपस, त्यावर कोनताच जंतू जगत नही."

"आन पानी पेवानं व्हई ते?"

"ते तुना गिलासमा."

"म्हंजे मना हात चालस, तोंड चालत नही," मंजुळा म्हणाली आणि हसली. तिच्या हसण्यात कडवटपणा नसायचा, त्यामुळेच ते लागायचं. कमलबाईंनी उगाच चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

मग त्या मंजुळेच्या हातांकडं बघत राहिल्या. पूर्वी हे दंड भरलेले होते, मांडा त्यावर लोळायचा. आता दोन काटक्यांवर ओलं धोतर वाळत टाकावं तसा तो लोंबत होता. तरी फाटला नाही.

पलीकडे गुरुजींच्या वडिलांनी, नानांनी, गेलेल्या भिकनच्या नावानं अखाजीची पाण्याची घागर पूजली. पहिलंच वर्ष होतं. कौतिक नानांचं वय ऐंशीच्या पुढचं, पण लेकाची घागर त्यांनी कुणाला भरू दिली नाही. देवपूरच्या नळाचं पाणी कोऱ्या घागरीत काठोकाठ भरलं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं आणि म्हणाले, "भिकनले आज पोटभर थंड पानी भेटनं."

"हा ना, नाना," खापराशी बसलेली मंजुळा म्हणाली. "मरना तवय देवपूरना नळ भेटना."

नाना हसले. मग त्यांचं हसू मध्येच राहिलं आणि ते घागरीकडे बघत बसले.

जेवायला मात्र सगळे भिडले. लीलाधररावांनी तीन मांडे खाल्ले आणि चौथा अर्धा टाकला. जावयाच्या ताटातलं वाया जाऊ नये म्हणून तो अर्धा नानांनी ओढून घेतला. गुरुजी म्हणाले, असा मांडा तालुक्यात होणार नाही. ज्या हातांचा मांडा एवढा वाखाणला, ते हात कुठं ठेवायचे यावर आता ओट्यावर पान खात बैठक बसणार होती.

*

विषय नानांनीच काढला. "मंग मंजुळा पावसाळामा कोठे ऱ्हाई?"

गुरुजींनी घसा साफ केला. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला मुद्दा एकदम मांडता येत नाही. "डॉक्टरांच्या मते, नाना, पेशंटची गल्ली महत्त्वाची. त्या दृष्टीनं जळगाव..."

"गल्ली बघायची तर देवपूरच," लीलाधरराव मध्येच म्हणाले. "शिकलेली वस्ती, शाळा, कॉलेजं."

"मंजुळेला आता कॉलेजात कुठं घालायचंय?" कमलबाई दारातून म्हणाल्या. "तुमच्याकडं डॉक्टर किती! अक्कांच्या तर शेजारीच एक राहतो म्हणे."

"तो दातांचा," सुगंधाबाईंनी घाईनं सांगितलं. गेल्या अखाजीला त्याच डॉक्टरांना त्यांनी मोठे सर्जन करून सोडलं होतं. "आणि वहिनी, आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं."

"आमच्याकडं तीन दिवसाआड!"

"येतं ते गढूळ!"

"आमचं तर वास मारतं," कमलबाई म्हणाल्या, आणि आपल्या बोलण्याचं त्यांनाच नवल वाटलं. ह्याच पाण्याची घागर देव्हाऱ्याशेजारी होती.

"डास फार आहेत आमच्या कॉलनीत," लीलाधरराव म्हणाले. ते सगळ्यांत जास्त बोलत होते आणि सगळ्यांत जास्त घामाघूम झाले होते. जळगावातल्या एका जिनिंगचे ते मॅनेजर. ब्याऐंशी किलोचा भारदस्त माणूस, एरवी चार शब्दांत काम संपवणारा. "डास, धूळ, जिनिंगचा कापूस हवेत. निरोगी माणूस आजारी पडतो, विचारा हिला."

"आमच्या मागच्या खोलीला तर खिडकीच नाही," गुरुजी म्हणाले.

"आहे की," नाना म्हणाले.

"आहे, पण तिच्यासमोर स्कूटर आहे."

असं करत करत दोन्ही घरांची सव्वीस वर्षांची अब्रू दोन्ही घरांनी मिळून भर दुपारी ओट्यावर वाळत घातली. पाणी गेलं, हवा गेली, डॉक्टर गेले. शेवटी सुगंधाबाईंनी आपल्या न्हाणीघरात विंचू निघतात असं सांगितलं, तेव्हा नानांनी अडकित्ता खाली ठेवला.

"दोन्ही गावं इतला वाईट शेतस, ते तुम्ही बठ्ठा जित्ता कसा ऱ्हायनात?"

 लीलाधरराव हात धुवायचं निमित्त करून मागे गेले.

*

मागे निंबाखाली मंजुळा राखेनं भांडी घासत होती. ओट्यावरचं तिनं सगळं ऐकलं होतं. वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण विंचवाचं ऐकून तिला हसूही आलं होतं. आपल्या एका चटईच्या जागेसाठी एवढी शिकली-सवरली माणसं स्वतःच्या घरात विंचू सोडतात, हे तिला भिकनला सांगायचं होतं. असं काही सांगायचं झालं की तो आता नाही हे तिला नव्यानं कळायचं.

लीलाधरराव नळाखाली हात धरून उभे राहिले तशी तिनं कमरेची चंची काढली. आत दुधाच्या प्लास्टिक पिशवीत घडी घालून ठेवलेली तीन पोस्टकार्डं होती.

"पाव्हना, तुमनी टपाल लई जा."

"माझी? इथं कुठून?"

त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि नळ वाहता राहिला. हिरव्या शाईतलं अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. 'तपासणीची तारीख चुकली आहे. येऊन जावे.' खाली चंद्रकांताबाईंची सही. आणि दुसऱ्या अंगाला: श्री. लीलाधर सुकदेव पवार, मार्फत भिकन पाटील, नदीकाठची वस्ती, धुळे.

चार वर्षांपूर्वी, सुरतेच्या फेऱ्यांतून कधीतरी, त्यांनाही 'ते' झालं होतं. जळगावात प्रत्येक डॉक्टर ओळखीचा, म्हणून ते धुळ्याला येऊ लागले. येताना मुद्दाम जुना सदरा घालत. पहिल्या दिवशी कारकुनानं पत्ता विचारला तेव्हा कधीकाळी भिकननं कौतुकानं दाखवलेली, ट्रकवाल्या दोस्ताची त्या वस्तीतली खोली त्यांना आठवली, आणि त्यांनी त्या खोलीचा पत्ता मेहुण्याच्या नावावर ठोकून दिला. पुढं खरंच भिकनला त्याच खोलीत राहायला जावं लागेल, हे तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. गंमत अशी की पत्ता खोटा सांगताना त्यांची जीभ अडखळली नाही, पण नाव खोटं सांगवेना. इतकी वर्षं ऐटीत सही केलेलं नाव होतं ते.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"दोन वरीस व्हयनात."

"आणि कुणाला...?"

"कोनले सांगू? पोस्टमनले वाचता येस आन माले वाचता येस. बाकी गल्लीले रेडिओ पुरस." तिनं खापरावर पाणी ओतलं. "मना घरधनीले बी नही सांगं. ते म्हनतात, पाव्हनाना कागद शे, जपी ठेव. काय लिखेल शे ते त्यासनी ईचारंच नही."

"मंजुळाबाई, मला त्या वेळी दुसरा पत्ता सुचला नाही."

"बरं व्हयनं. आमनी गल्लीना पत्तावर कोनता बी आजार लिखा, कोनलेच नवल वाटत नही." ती हे हसतच म्हणाली. लीलाधररावांना वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "पन आते पत्ता बदली टाका."

ते दचकले. "का? तू सांगणार आहेस ओट्यावर?"

"काय पाव्हना, तुम्ही बी!" तिला खरंच हसू फुटलं, आणि मागून खोकला. तो थांबेपर्यंत ती निंबाला टेकून उभी राहिली. "मी परत वस्तीमाच जाई राहिनू. तुमना दोन्ही गावमा विंचू शेतस. पन डॉक्टरीन म्हने, हाऊ पावसाळा मनाकरता भारी शे. मी नही ऱ्हायनू ते तुमनं कार्ड कोन ली? तो पोस्टमन तुमनं नाव वाचत गल्लीभर हिंडी. तठून देवपूरले बातमी येवाले कितला टाईम लागस? म्हनीसन म्हनस, मी शे तवलोंग पत्ता बदली ल्या."

लीलाधररावांनी तिन्ही कार्डं सदऱ्याच्या खिशात कोंबली. ही बाई मरणाची तयारी करत होती, आणि त्या तयारीत यांचं टपाल होतं.

"डॉक्टरीन तुमनी टाचनी दखीसन रोज नवल करस," मंजुळा पुढं म्हणाली. "म्हने त्याच गल्लीमधला गडी, एक वेढा नही, खास तरी काय! माले तोंडवर उनं व्हतं, पन मी गप ऱ्हायनू. पाव्हना, एकच दुखनं शे आपलं. तुमनी गल्ली तुमले खावाले घालस, मनी गल्ली मालेच खास."

तिनं नळ बंद केला. पाणी फुकट चाललं होतं, आणि वस्तीत राहिलेल्या माणसाला ते बघवत नाही.

*

नवरा ओट्यावर परत आला तेव्हाच सुगंधाबाईंना कळलं की काहीतरी झालंय. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं आणि सदऱ्याच्या खिशातून कार्डाचा कोपरा बाहेर आला होता. कोपऱ्यावर हिरवी शाई होती.

सुगंधाबाईंना सगळं ठाऊक होतं. चंद्रकांताबाईंनी त्यांचंही रक्त तपासलं होतं, त्या वाचल्या होत्या. त्यानंतर महिनाभर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत, पण त्या महिन्यातही त्यांचं पाणी उकळायचं चुकवलं नाही. चार वर्षं झाली, रोज सकाळी पातेलं गॅसवर चढायचं, ताजं दूध यायचं, जरा कणकण वाटली की कॉलनीतले डॉक्टर घरी. ते दातांचे नव्हते. आज एसटीत बसतानाच दोघांचं ठरलं होतं: काही झालं तरी मंजुळेला आपल्याकडं आणायचं नाही. त्याच गोळ्या, तेच पथ्य, तिच्या चार दिवसांत लक्षात येईल.

"गुरुजी," लीलाधरराव म्हणाले, "जळगावची हवा..." आणि पुढं त्यांना हवेबद्दल काही सुचेना. त्यांनी खिशातली कार्डं काढली आणि गुरुजींपुढं ठेवली.

कागद पुढं आला की मोठ्यानं वाचायचा, ही गुरुजींची जुनी खोड. "श्री. लीलाधर सुकदेव पवार, मार्फत भिकन..." इथवर त्यांचा आवाज वर्गातला होता. मग त्यांनी कार्ड उलटलं, सही पाहिली, आणि वाचलेल्या उताऱ्यावर प्रश्न विचारावासा न वाटण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

"म्हणजे... तुम्हालाही?"

"चार वर्षं," सुगंधाबाई म्हणाल्या. हे आपणच बोलायला हवं असं त्यांना वाटलं. सव्वीस वर्षं ज्या माणसाची बाजू घेऊन जळगावसाठी भांडल्या, त्याला आज एकट्याला उभं करणं बरं नव्हतं. "आमच्याकडं पाणी रोज येतं, दादा. चांगलं येतं. मी ते उकळते. विंचू एकही नाही."

कमलबाईंची नजर जावयाच्या चांदीच्या गिलासाकडं गेली. त्याच गिलासातून त्यांनी मघाशी स्वतः दोन घोट पाणी घेतलं होतं.

"मी ते त्यानाच ताटमधला अर्धा मांडा खादा," नाना विचार करत म्हणाले. "मागली अखाजीले बी खादा व्हता. माले काय व्हयनं?" मग त्यांनी थोरल्या लेकाकडं वळून विचारलं, "अभिमन, हाऊ वेगळा गिलासना नियम बठ्ठासले शे, का फक्त वस्तीवालासले शे?"

गुरुजींनी मान खाली घातली. चौतीस वर्षांत त्यांनी कितीतरी पोरांना अशी मान खाली घालायला लावली होती. आज त्या पोरांना कसं वाटायचं ते त्यांना कळलं.

मंजुळा धुतलेलं खापर घेऊन दारात येऊन थांबली होती. सुगंधाबाई उठल्या, तिच्या हातातलं खापर काढून घेतलं आणि म्हणाल्या, "चार दिवसांचे कपडे नको घेऊ. सगळे घे."

"अक्का, लोक काय म्हनतीन? अखाजीले ननंद माहेरले येस. ननंदना घर ऱ्हावाले कोनती भावजय गयी?"

"दोन वर्षं तू माझ्या नवऱ्याला तुझ्या पत्त्यावर ठेवून घेतलंस," सुगंधाबाई म्हणाल्या. "आता माझ्या पत्त्यावर तू."

"मी मघापासून हेच म्हणत होतो," गुरुजी हळूच म्हणाले, "की जळगावची हवा..."

"तू गप ऱ्हाय," नाना म्हणाले.

कमलबाई केव्हाच आत गेल्या होत्या. खिडकीतला पालथा गिलास त्यांनी उचलला, क्षणभर हातात धरला, आणि फळीवरच्या डझनभर गिलासांत असा मिसळून टाकला की मंजुळेचा कोणता हे पुन्हा त्यांनाही सापडू नये. मग दारात येऊन त्या म्हणाल्या, "जळगावले ऊन सोसानं नही ते आठे येजो, मंजुळा. स्कूटर काय, बाहेर बी उभी ऱ्हाई." 

*

पुढच्या सोमवारी दवाखान्यात दोघं एकदमच गेले. लीलाधररावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कारकुनानं वही उघडली आणि वर न बघता विचारलं, "पत्त्यात काही बदल?"

"आहे," लीलाधरराव म्हणाले, आणि कॉलनीचं नाव, घराचा नंबर, सगळं सावकाश सांगितलं.  मग मंजुळेकडं हात करून म्हणाले, "ह्यांचाही हाच."

चंद्रकांताबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी लीलाधररावांकडं पाहिलं, मंजुळेकडं पाहिलं, वहीत पाहिलं. "म्हणजे तुम्ही त्या गल्लीतले नाहीच! राहता जळगावला!" कपाळावर हात मारून त्या हसल्या. "इतकी वर्षं मी त्या गल्लीत औषध शोधत होते."

त्यांनी शेजारशेजारच्या दोन्ही टाचण्या उपटल्या. नकाशा धुळ्याचा, त्यात जळगाव नव्हतं. शेवटी त्या नकाशाबाहेर, उजव्या अंगाच्या लाकडी पट्टीवर टोचल्या, एक कोरी आणि एक पाच वेढ्यांची.

"हा दोरा सोडवून टाकू का?" त्यांनी मंजुळेला विचारलं.

मंजुळेनं जरा विचार केला.

"ऱ्हाऊ द्या, बाई. व्हयनं ते व्हयनं. आते नवा गुंडाळू नका म्हंजे झाय."